डाव्या विंगेतली ओळ

नाट्यगृहात प्रेक्षकांचे कोट सांभाळणारी एक बाई आहे. इथले लोक तिला 'कोटवाली' म्हणतात. तिकडे, तिच्या मुलखात, तिला 'कुजबूज' म्हणत आणि तेही तोंडावर म्हणत. कोटवालीपेक्षा कुजबूज बरं होतं असं तिला मनातून वाटतं, पण हे इथं सांगणार कोणाला? तिचा आवाज कायम घसा बसल्यासारखा येतो. लोकांना वाटतं, बाईंना सर्दी झाली आहे. मग कनवाळू बायका कोट घेता घेता तिच्या हातावर घशाच्या गोळ्या ठेवतात. खणात अशा गोळ्यांची ही एवढी रास साठली आहे. ती त्या खात नाही आणि टाकतही नाही.

जिन्याच्या पोटात तिची खोली. पुढे कमरेइतकी उंच फळी, मागे खुंट्यांच्या रांगा, खुंटीला आकडा आणि त्याच आकड्याचा पितळी बिल्ला. कोट घ्यायचा, बिल्ला द्यायचा. बिल्ला घ्यायचा, कोट द्यायचा. काम एवढंच, पण माणसं त्यातही घोळ घालतात. कोणी बिल्ला खुर्चीखाली हरवतो, कोणी दुसऱ्याच्या कोटावर हक्क सांगतो, आणि एका गृहस्थांनी तर बिल्ला गिळला असावा, अशी शंका त्यांच्या बायकोनं चारचौघांत बोलून दाखवली होती. कोटवाली हुज्जत घालत नाही. तिला कोट खांद्यांच्या ठेवणीवरून आठवतात. ओल्या लोकरीचा आणि डांबरगोळ्यांचा वास तिच्या केसांत इतका मुरला आहे, की न्हायली तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर.

प्रयोग सुरू झाला की ती खोलीला कडी घालते आणि शेवटच्या रांगेमागच्या दाराशी जाऊन उभी राहते. बाजारात भाजीचा भाव विचारताना अजून अडखळणारी ही बाई परक्या भाषेतली नाटकंच्या नाटकं ओठांतल्या ओठांत म्हणत असते. रंगमंचावर कोणी अडखळलं की तिचं तोंड आपोआप उघडतं. मग ती हातानं तोंड दाबून धरते. इथं तिला कोणी त्या कामाला ठेवलेलं नाही.

तिकडे मात्र तेच तिचं काम होतं. ती प्रॉम्प्टर होती. डाव्या विंगेत, मोडक्या पडद्यांच्या चवडीशेजारी, एका बुटक्या स्टुलावर बसून नट विसरले की त्यांना ओळ द्यायची. लोकांना वाटतं, यात काय मोठंसं, पुस्तक धरायचं आणि वाचायचं. पुस्तक बघणारा प्रॉम्प्टर कुचकामाचा. नाटक पाठच हवं. बघायचं ते नटाच्या गळ्याकडे. माणूस नुसता थांबला असेल तर गळा सैल असतो. माणूस खरंच अडला की गळ्याचा मणी, म्हणजे घाटी, वर चढतो आणि तिथंच राहतो. त्याच श्वासाला ओळ द्यायची, आणि तीही अख्खी नाही, पहिला शब्द. लवकर दिली तर नट आत येऊन अंगावर धावून जातो, कारण तो अडलेला नसतो, अभिनय करत असतो. उशिरा दिली तर प्रेक्षकांना ऐकू जाते. लवकर देणं मात्र या धंद्यात सगळ्यांत मोठं पाप. कुजबूज त्या बाबतीत इतकी नेकीची, की तिनं लवकर ओळ दिल्याचं कंपनीतल्या एकाही माणसाला आठवत नसे.

आणि तिची सगळ्यांत जास्त गरज पडायची ती भोळीला.

भोळी म्हणजे मुळातली विसरभोळी. हेही कंपनीनंच ठेवलेलं नाव. दोघी एकाच गल्लीत वाढल्या, एकाच दिवशी कंपनीच्या दारात उभ्या राहिल्या. मॅनेजरनं दोघींना एकेक ओळ म्हणायला लावली. एकीचा आवाज माडीवरच्या शेवटच्या बाकापर्यंत गेला, दुसरीचा मॅनेजरच्या मिशीपर्यंतसुद्धा पोचला नाही. झालं, दोघींची आयुष्यं तिथंच वाटली गेली. कुजबूजला त्याचं दुःख झालं नाही, असं ती पुढे सगळ्यांना सांगत असे. मला विचाराल तर झालं होतं. पण भोळीचं आपल्यावाचून पान हलत नाही हे कळल्यावर ते पुष्कळ कमी झालं.

भोळी पान पान लांबीची भाषणं घडाघडा म्हणायची. रडायची, हसायची, माणसांना खुर्चीला खिळवून ठेवायची. आणि अडायची कुठं, तर भलत्याच सोप्या ठिकाणी. एका नाटकात ती खानावळवाली होती. माळ्यावर एका पळून आलेल्या माणसाला लपवलेलं असतं. शिपाई येतो, टेबलावर काठी आपटतो आणि विचारतो, "घरात आणखी कोण आहे?" यावर खानावळवालीनं म्हणायचं, "कोणी नाही. मी एकटीच." चार शब्द. शेंबड्या पोराला पाठ होतील असे. पण शिपायानं काठी आपटली, की भोळीची दातखीळ बसायची. ती पाण्याचा तांब्या घट्ट धरायची आणि सरळ डाव्या विंगेकडे बघायची. गळ्याचा मणी वर. मग अंधारातून यायचं, "कोणी..." आणि भोळी लगेच, जणू हे शब्द आत्ता तिच्याच पोटातून आले आहेत, अशी म्हणायची, "कोणी नाही. मी एकटीच."

"अगं, चार शब्द गं, चार!" प्रयोग संपल्यावर कुजबूज कपाळाला हात लावायची.

"तू आहेस ना," भोळी तोंडावरचा रंग पुसत म्हणायची. "मग मी कशाला लक्षात ठेवू?"

मग दिवस फिरले. देशात नवे लोक सत्तेवर आले आणि त्यांना कुजबूजच्या जमातीची माणसं जिथं तिथं खुपायला लागली. आधी शाळांतून काढलं, मग छापखान्यांतून, मग भिंतींवर हुकूम लागला की रंगमंचावर या लोकांनी पाऊल ठेवायचं नाही. मॅनेजर भला माणूस होता, भित्राही होता. तो म्हणाला, "तू कुठं रंगमंचावर पाऊल ठेवतेस? अंधारात बसतेस. कोणाला दिसतेस? बस तशीच." ती बसली. पगाराच्या पत्रकातून तिचं नाव गेलं. भोळी मात्र रोज दुपारी आपल्या डब्यातलं अर्धं डाव्या विंगेत आणून ठेवायची आणि ते दुसऱ्या कोणी खाल्लं तर आकाशपाताळ एक करायची.

एका दुपारी तालीम चालू असताना ते आले. दोन माणसं, एकसारख्या टोप्या. नेमका खानावळीचाच प्रवेश लावलेला. भोळी टेबलाशी उभी, हातात तांब्या. शिपायाचं काम करणारा नट काठी घेऊन पुढे आला आणि मागून खरीच माणसं आलेली पाहून बाजूला झाला. मॅनेजर मिशी चावत उभा. टोपीवाल्यांपैकी थोरला रंगमंचावर चढला, इकडेतिकडे बघितलं आणि भोळीला विचारलं, "इथं आणखी कोण आहे?"

भोळीनं तांब्या घट्ट धरला आणि सरळ डाव्या विंगेकडे बघितलं.

टोपीवाल्यानं तिची नजर जिथं गेली होती तिथं बघितलं. आणि मग तो चालत आला, पडदे बाजूला सारले, आणि स्टुलावर बसलेल्या कुजबूजला दंडाला धरून उठवलं. तिला रंगमंचावरूनच नेलं. तिनं रंगमंचावर पाऊल ठेवलं ते तेव्हा, पहिल्यांदा आणि शेवटचं. भोळी तशीच उभी होती. तांब्यातलं पाणी तिच्या पायावर सांडत होतं, एवढं कुजबूजला आठवतं.

पुढचं सांगण्यासारखं नाही, आणि ती कधी सांगतही नाही. तारेच्या कुंपणामागे गोणपाट शिवण्यात काही वर्षं गेली. लढाई सुरू झाली, कुंपणं वाढली. लढाई संपली, कुंपणं निघाली. घरचं कोणी उरलं नव्हतं. ज्या गल्लीत ती वाढली तिथं आता दुसरेच लोक राहात होते आणि ते दाराची फट करून बोलले. ती परत फिरली आणि मिळेल त्या गाडीनं, मिळेल त्या बोटीनं या शहरात येऊन पोचली. इथं तिच्यासारखाच एक घड्याळजी भेटला. लग्न केलं. दोघं मिळून एका माणसाइतकं बोलत. तो खोकून खोकून गेला, तेव्हा घरातला एवढासा आवाजही गेला. मूलबाळ झालं नाही. नाट्यगृहात काम मागायला गेली तेव्हा तिथल्या व्यवस्थापकानं विचारलं, "आधी काय करत होता?" प्रॉम्प्टरला इथल्या भाषेत काय म्हणतात ते तिला येईना. तिनं ओठ हलवून दाखवले. त्याला वाटलं, बाई मुकी आहे. त्यानं कोटांची खोली दाखवली.

भोळीचं काय झालं ते तिला वर्तमानपत्रांतून कळत गेलं, कारण भोळी मोठी झाली. फार मोठी. आता तिला सगळे बाईसाहेब म्हणत. आणि मोठी झाली ती त्याच नाटकामुळे. लढाईच्या दिवसांत ते रोज लागत असे. शिपाई विचारायचा, "घरात आणखी कोण आहे?" आणि बाईसाहेब थांबायच्या. उत्तर द्यायच्याच नाहीत. तांब्या हातात, नजर डावीकडे, कुठंतरी लांब. अख्खं थिएटर श्वास धरून बसायचं. पहिल्या रांगेत बसलेल्या अधिकाऱ्यांना वाटायचं, काय अभिनय आहे. वर माडीवर बसलेल्या लोकांच्या घरी खरेच शिपाई येऊन हाच प्रश्न विचारून गेलेले असायचे, ते हुंदके द्यायचे. मग खूप वेळानं बाईसाहेब म्हणायच्या, "कोणी नाही. मी एकटीच." आणि टाळ्या थांबायच्या नाहीत. बाईसाहेबांचा पॉज म्हणून तो सगळ्या देशात गाजला.

लढाईनंतर लोकांना तिचा राग आला. त्या अधिकाऱ्यांसमोर नाटकं केलीस ना, म्हणून तिला बंदी घातली. दोन-चार वर्षं तिनं औषधांच्या कारखान्यात बाटल्या विसळल्या. मग लोकांचाच राग निवला आणि आठवण आली ती पॉजची. बंदी उठली, पदकं मिळाली, शाळेच्या पुस्तकात फोटो आला. कुजबूज हे वाचायची आणि वर्तमानपत्राची घडी घालून चुलीखाली सारायची. तिचं म्हणणं एकच होतं. पॉज वगैरे राहू द्या. त्या दुपारी भोळीनं माझ्याकडे बघितलं. माणूस बोटानं दाखवतो, तिनं डोळ्यांनी दाखवलं. का? एवढं एकदा समोर बसवून विचारायचं होतं. बाकी आयुष्याकडून तिचं काही मागणं राहिलं नव्हतं.

मग एका सकाळी व्यवस्थापक नाचतच खाली आला. "तुमच्या मुलखातली कंपनी येतेय! रविवारी दुपारचा प्रयोग. त्यांच्या बाईसाहेबांचा शेवटचा दौरा." त्यानं पोस्टर उलगडलं. म्हातारी भोळी, हातात तांब्या. "आमच्या माणसांना त्यांची भाषा येत नाही. तुम्ही विंगेत थांबायचं. पडदा कधी ओढायचा, दिवा कधी मंद करायचा, तेवढं आमच्या पोरांना खुणेनं सांगायचं."

"मला बरं नाही," कुजबूज म्हणाली.

"तुमचा आवाज तर रोजच असा असतो," व्यवस्थापक म्हणाला आणि पोस्टर लावायला गेला.

शनिवारभर तिच्या डोक्यात नुसतं येणं-जाणं चाललं होतं. जायचं नाही. जायचं, विचारायचं आणि यायचं. विचारायचं सुद्धा नाही, नुसतं समोर उभं राहायचं. तिनं इस्त्रीचा फ्रॉक काढला, परत ठेवला, परत काढला. तिनं प्रश्न आरशासमोर म्हणून पाहिला. तिच्या त्या बसक्या आवाजात तो प्रश्न विनवणीसारखा वाटला आणि तिचा संताप झाला.

रविवारी बाईसाहेब काळा चष्मा लावून, दोघांच्या आधारानं मागच्या दारानं आल्या आणि थेट मेकअपच्या खोलीत गेल्या. प्रयोगाआधी त्या कोणाला भेटत नाहीत, असं त्यांच्या दिग्दर्शकानं बजावलं होतं. हा दिग्दर्शक तरुण होता आणि सारखा टाचांवर उंच व्हायचा. "आणि तो पॉज!" तो कुजबूजला म्हणाला. "तेव्हा विंगेत कोणी हलायचं नाही. श्वाससुद्धा जपून. लोक त्या पॉजसाठी तिकीट काढतात, कळलं ना बाई?"

"कळलं," कुजबूज म्हणाली. तिला उभं राहायला सांगितलं होतं ती डावी विंग होती. दोर डावीकडे होते, दुसरं काही कारण नव्हतं.

पडदा उघडला. भोळी बाहेर आली आणि पहिल्याच वाक्याला कुजबूजचे ओठ हलायला लागले. इतकी वर्षं हे शब्द तिनं मनातसुद्धा येऊ दिले नव्हते. ते सगळे होते तिथंच होते, एक काना-मात्रा न बिघडता. भोळी खांद्यात वाकली होती, पायांची ओढ वेगळी होती, पण आवाज अजून माडीपर्यंत जात होता. विनोदाला लोक हसले, भाषा न कळता हसले. कुजबूजलाही हसू फुटलं आणि त्याचा तिला रागच आला.

शिपाई आला. त्यानं टेबलावर काठी आपटली. "घरात आणखी कोण आहे?"

भोळीनं तांब्या घट्ट धरला आणि डाव्या विंगेकडे बघितलं.

तीच नजर. टोपीवाला आता येईल, पडदे सारेल आणि दंड धरेल. कुजबूज मागे सरकली, तिची पाठ भिंतीला लागली. सगळे पॉज बघत होते. आणि मग सवयीनं, निव्वळ सवयीनं, तिनं भोळीच्या गळ्याकडे बघितलं.

मणी वर चढलेला होता आणि तिथंच होता.

हा पॉज नव्हता. ही बाई अडली होती. आज अडली होती, काल अडली असेल, दर प्रयोगाला या जागी येऊन ती अशीच अडत असेल. लोकांनी त्याला पॉज म्हटलं, पदकं दिली. त्या दुपारीही ती अशीच अडली होती. टोपीवाल्यानं नाटकातलाच प्रश्न विचारला आणि हिनं नाटकात बघायची तिथंच बघितलं, ओळीसाठी. आणि ओळ तीच होती. 'कोणी नाही. मी एकटीच.' ती ओळ कुजबूजच्या जिभेवर आली होती त्या दुपारी. आली होती, आणि तिनं ती दिली नव्हती. भीती होतीच. पण भीतीच्याही आधी तिला वाटलं होतं, अजून एक श्वास थांबू. लवकर द्यायची नाही. तेवढ्या एका श्वासात तो माणूस विंगेत पोचला होता.

हे सगळं तिला कळायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ भोळी तशीच उभी होती. मग कुजबूजचं तोंड उघडलं. या वेळी तोंड दाबायला हात वर आला नाही.

"कोणी..."

भोळी दचकली नाही. डोळ्याची पापणी हलली नाही. लगेच, अगदी पूर्वीसारखी, म्हणाली, "कोणी नाही. मी एकटीच." पण हे म्हणताना तिचे डोळे भरून आले आणि गालांवरून ओघळायला लागले, आणि खानावळवालीनं त्या ठिकाणी रडायचं असं नाटकात कुठंही नाही.

प्रयोग संपला, टाळ्या झाल्या. तरी दिग्दर्शक टाचांवर उंच होत विंगेत आला. "कोण बोललं? अर्ध्यावर मारलात पॉज! लोकांना पुरता मिळालाच नाही! बाई, तुम्हाला सांगितलं होतं ना?" कुजबूज दोराची गाठ सोडत राहिली. तिला या धंद्यात पहिल्यांदाच कोणीतरी लवकर दिल्याबद्दल बोल लावत होतं. इतक्यात मेकअपच्या खोलीतून निरोप आला, की विंगेतल्या बाईंना आत पाठवा आणि दुसऱ्या कोणी यायचं नाही.

खोलीत क्रीमचा वास होता. भोळीनं टोप काढून ठेवला होता. खाली विरळ पांढरे केस. ती वळली नाही. आरशातूनच बघत राहिली.

"उशीर केलास, कुजू," ती म्हणाली.

कुजबूज दाराशीच उभी राहिली. आरशासमोर पाठ केलेला प्रश्न आता उपयोगाचा नव्हता.

"तू मेलीस असं मला सांगितलं होतं," भोळी म्हणाली.

"आणि तू मानलंस?"

"दिवसा मानायचे. प्रयोगात त्या जागी आले की नाही मानायचे. तू गेल्यावर पहिला प्रयोग झाला ना, त्यात मी खरंच थांबून राहिले. म्हटलं, देईल. आता देईल. लोक रडायला लागले तेव्हा भानावर आले." भोळीनं कापसाचा बोळा उचलला आणि तसाच हातात धरला. "मग रोजच थांबायला लागले. ओळ येते गं मला आता. पाठ आहे. पण तुझ्याकडे बघितल्याशिवाय तोंडातून निघत नाही."

"आणि त्यावर टाळ्या घेतल्यास," कुजबूज म्हणाली. तिला इतकं कडवट बोलायचं नव्हतं, पण बोलली. "मी तिथं गोणपाट शिवत होते. आणि तू माझ्या रिकाम्या स्टुलाकडे बघून टाळ्या घेत होतीस."

"घेतल्या," भोळी म्हणाली. "दुसरं काय येतं मला?"

कुजबूज स्टूल ओढून बसली. नकळत तिनं बुटकं स्टूलच निवडलं होतं.

"त्या दिवशी माझ्या तोंडात होती ओळ," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मी दिली नाही. थांबले मी. म्हटलं, लवकर नको."

"माहीत आहे गं," भोळी म्हणाली. "तू कधी लवकर दिलीस?" आणि ती हसली. हसता हसता तिला खोकला आला, आणि कुजबूजनं खिशातली घशाची गोळी काढून तिच्या हातावर ठेवली. आजवर मिळालेल्या गोळ्यांतली वापरली गेलेली ही पहिलीच.

बाहेर दारावर टकटक झाली. बस तयार होती, पुढच्या शहरात संध्याकाळपर्यंत पोचायचं होतं. कुजबूजनं तिला कोट घालायला मदत केली. खांद्यांवरून कोट चढवताना तिच्या हाताला नुसती हाडं लागली.

"घरी कोण असतं तुझ्या?" भोळीनं विचारलं.

"कोणी नाही," कुजबूज म्हणाली, आणि पुढचे दोन शब्द तिच्या तोंडातच राहिले. दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"माझ्याही," भोळी म्हणाली. "मुलगा आहे, तो बोलत नाही. लढाईत मी त्यांच्यासमोर नाचले म्हणतो." तिनं कॉलर वर केली. "पत्ता दे मला. नाहीतर नको, मी हरवीन. तूच माझा ठेव."

पण पत्ता लिहायला कोणाजवळ काही नव्हतं आणि दिग्दर्शक दारात येऊन उंच होत होता. बस गेली. कुजबूज खाली आपल्या खोलीत आली. जागेवर बसवलेल्या बदलीच्या बाईनं सगळे बिल्ले चुकीच्या खुंट्यांना अडकवून ठेवले होते. ते लावण्यात तिची संध्याकाळ गेली.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी व्यवस्थापक वर्तमानपत्र घेऊन फळीपाशी आला. "अहो, तुमच्या त्या बाईसाहेब! सुटलो आपण. आपल्याकडे निदान अर्धा तरी पॉज मिळाला. इथून पुढे एकाही गावात त्या थांबल्याच नाहीत म्हणे. शिपायानं विचारलं की झटकन उत्तर, आणि पुढचं वाक्य सुरू. डावीकडे बघतसुद्धा नाहीत. लोकांनी पैसे परत मागितले. यात लिहिलंय, वय झालं, ती जादू गेली. दौरा आटोपला आणि काम सोडलं त्यांनी." त्यानं मान हलवली. "इतकी वर्षं टिकलेली गोष्ट. असं कसं झालं असेल?"

"काय सांगावं," कुजबूज म्हणाली.

तो गेला. प्रयोगाची वेळ होत आली होती, कोट यायला लागले. तिनं ते घेतले, झटकले, खुंट्यांना लावले. मध्येच तिचे हात थांबले. चाळीसेक वर्षं दर प्रयोगाला एक माणूस आपल्यासाठी थांबत होतं, लांब, दुसऱ्या देशात, दिवे लागलेले असताना, आणि आपल्याला ते ठाऊक नव्हतं. आता ठाऊक होतं. आणि आता कोणी थांबत नव्हतं.

फळीपलीकडे एक बाई हात पुढे करून उभी होती. "माझा बिल्ला?" ती म्हणाली, आणि मग जरा वाकून, कुजबूजच्या चेहऱ्याकडे बघत, "बरं वाटत नाही का तुम्हाला? घसा?"

"हो," कुजबूज म्हणाली आणि बाईला बिल्ला देऊन तिच्या हातातली गोळी घेतली. या वेळी ती खणात टाकली नाही. कागद सोडवून तोंडात घातली आणि चघळत चघळत पुढचा कोट घेतला.